अक्कांच्या केबिनमधलं चौथं उत्तर

दुबलगुंडीचा सिद्धराम हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत एका डाळमिलच्या वजनकाट्यावर बसतो. तुरीनं भरलेली लॉरी काट्यावर येऊन थांबते, चाकांचा धुरळा खाली बसतो, सिद्धराम माईकवर आकडा सांगतो आणि लॉरी पुढं सरकते. दिवसभर दुसऱ्यांचं ओझं मोठ्यानं सांगायचं आणि आपलं आपल्यापाशी ठेवायचं, असं ते काम आहे. त्याचा आवाज चांगला आहे. पार मागच्या गोदामातल्या हमालांनाही तो स्पष्ट ऐकू जातो. पण तोच आवाज अंगण ओलांडून मालकिणीच्या केबिनच्या दारापाशी पोचला, की पाण्यात टाकलेल्या गुळासारखा घशातल्या घशात विरघळतो.

मालकीण म्हणजे नेत्रावती अक्का. साठीच्या आसपासची बाई. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि चष्म्यावरून बघायची सवय. चष्म्यातून त्या कागद वाचतात आणि चष्म्यावरून माणसं. लॉरीवाल्यांशी त्या दखनी उर्दूत बोलतात, हमालांशी मराठीत, आणि रागावल्या की कन्नडमध्ये. त्यामुळे मिलमध्ये कन्नड सुरू झालं की ज्यांच्या घरात कन्नडच बोलतात तेसुद्धा ताठ उभे राहतात. पण सिद्धरामला त्या कन्नडचं भय नव्हतं. त्याला भय होतं अक्का काहीच बोलत नाहीत तेव्हाचं. कारण त्याच्या बाबतीत त्या एकदा काहीच बोलल्या नव्हत्या.

ती गोष्ट त्याच्या पहिल्या दिवसाची. काट्यावर बसून त्याला तासभरही झाला नव्हता. ड्रायव्हर आणि मागं एक बाई अशी पांढरी जीप गेटातून आत आली आणि पुढं लॉरी अडकलेली म्हणून नेमकी काट्याच्या पत्र्यावर थांबली. सिद्धरामला कुणी सांगितलं होतं, काट्यावर येईल त्याचं वजन कर. त्यानं माईक उचलला आणि जीपचा आकडा खणखणीत आवाजात सांगितला. मग शिकवल्याप्रमाणं पुढचं काम केलं. भरलेली गाडी मोजली की रिकामी मोजायची असते. म्हणून तो माईकवरच म्हणाला, "बाई, जरा खाली उतरा. रिकाम्या गाडीचं वजन घ्यायचंय."

बाई उतरल्या. बाजूला उभ्या राहिल्या. सिद्धरामनं रिकाम्या जीपचा आकडाही तितक्याच खणखणीत सांगितला. आणि सगळ्या मिलनं, पोती पाठीवर घेतलेल्या हमालांपासून चाळणीवरच्या बायकांपर्यंत, उभ्या उभ्या वजाबाकी केली.

त्या बाई म्हणजे नेत्रावती अक्का आहेत हे त्याला नंतर कळलं. तेव्हा त्यांनी त्याच्याकडं चष्म्यावरून एकदा पाहिलं, आणि काही न बोलता केबिनमध्ये गेल्या. पुढं वर्षं गेली, पगार वाढला, लग्न जुनं झालं, पोरगी कॉलेजात गेली. पण ते न बोललेलं वाक्य सिद्धरामच्या डोक्यावर, छताला टांगून विसरलेल्या पोत्यासारखं तसंच लटकत राहिलं. आज ना उद्या ते खाली येणार, अशी त्याची खात्री होती. म्हणून तो केबिनकडं शक्यतो जातच नसे.

आणि यंदा त्याला जाणं भाग होतं.

येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, जवळ आली होती. या मुलखात येळवशीला गाव म्हणून काही उरत नाही. माणसं घरांना कड्या लावून शेतात जातात, कडब्याची खोपटीसारखी कोप उभी करतात, आत चुना लावलेले पाच दगड मांडतात. ते पांडव. त्यांची पूजा होते, आंबील शिंपडत पिकाभोवती फेरी होते, आणि मग जेवणं. शेंगा-पालेभाज्यांची घट्ट भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, खीर. बांधावरून जाणाऱ्या परक्या माणसालाही हात धरून बसवतात. बाजार बंद, दुकानं बंद. अक्कांची मिलही बंद. फक्त काट्यावर एक माणूस ठेवतात, कारण लांबून निघालेल्या लॉरीवाल्याला आपली अमावस्या ठाऊक असतेच असं नाही. ती पाळी गेल्या वर्षी प्रभुलिंगची होती. यंदा सिद्धरामची. येळवशीला माझ्या जागी बस, असं कुणी कुणाला म्हणत नाही. ते मागणंच वंगाळ. पाळी मोडायची तर ती एकट्या अक्कांनी.

सिद्धराम निमूट बसलाही असता. पण घरात अप्पा होते.

अप्पा म्हणजे त्याचे वडील, अंबाजी. उमेदीत मेंढरं वळली, मग जमिनीचा तुकडा घेतला आणि त्या काळ्या मातीत आयुष्य घातलं. गेल्या येळवशीच्या आधी त्यांच्या अंगावरून लकवा गेला आणि येळवस बिदरच्या दवाखान्यात गेली. तेव्हापासून ते ओसरीवरच्या बाजेवर होते. उजवी बाजू त्यांची राहिली नव्हती आणि शब्दही अर्धेच बाहेर येत. ते शब्द एकट्या सिद्धरामला उमगत. उचलूनही तेवढा सिद्धरामच न्यायचा. दुसरा कुणी हात लावायला गेला की म्हातारा डाव्या हातानं बाज धरून ठेवायचा. ज्यानं जन्मभर अडलेली कोकरं मानेवर टाकून आणली, त्याला आपण ओझं झालेलं सगळ्यांना दिसू नये असं वाटत असेल. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी सिद्धरामचा सदरा धरला आणि तोंड वाकडं करत कष्टानं सांगितलं, "यंदा… पांडवापाशी… न्ये."

"नेतो," सिद्धराम म्हणाला. म्हणून बसला.

मग रोज संध्याकाळी घरी आल्यावर त्याची तालीम सुरू झाली. न्हाणीघरात तोंडावर पाणी मारता मारता तो बोलायचा, "अक्का, एक अर्ज हुता… न्हाई, अर्ज नगं. अक्का, तुमी मायबाप… न्हाई, लईच हुतंय."

त्याची पोरगी धनलक्ष्मी हे ऐकायची. ती हुमनाबादच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकायची, आणि त्यांना काहीतरी स्वतः बनवून दाखवा असं सांगितलेलं होतं. मैत्रिणी दुकानाचे हिशेब आणि वाचनालयाच्या याद्या करत होत्या. धनानं बापाचा खेळ केला. एके दिवशी तिनं त्याच्या मोबाईलमध्ये तो घालून दिला.

"हे काय गं?"

"चित्रांची गोष्ट हाय, पप्पा. चित्र दिसतंय, खाली बोलनं येतंय, आन त्याच्याखाली तीन उत्तरं. तुमी ज्याच्यावर बोट ठेवशीला तशी गोष्ट पुढं जाती. घरबसल्या सराव हुतोय तुमचा."

पडद्यावर केबिन होती. टेबलामागं अक्का होत्या, विभूतीसकट, चष्म्यावरून बघत. टेबलाअलीकडं कानावर पेन ठेवलेला, पोट सुटलेला एक माणूस पाठमोरा उभा होता. अक्कांच्या डोक्यावर एक तांबडी पट्टी होती, तो त्यांचा पारा. आणि आवाज धनानं स्वतः काढला होता, हुबेहूब: "कामून उभा हायस? पाय दुखंनात व्हय तुझे?"

सिद्धरामनं पहिल्या उत्तरावर बोट ठेवलं. अक्का, जरा बोलायचं होतं.

"बोलायचं हुतं, बोललास. जा आता," मोबाईलमधल्या अक्का म्हणाल्या. पाठमोरा माणूस काट्यावर परत.

त्यानं दुसरं उत्तर निवडलं, नुसतं खोकायचं.

"खोकला हाय? खोकल्याच्या मानसानं माईकवर बसू नये. गोदामात जा, पोती मोज."

तिसरं उत्तर त्याला सगळ्यात सभ्य वाटलं. अक्का, समदं बरं हाय न्हवं?

"बरं न्हाई असं कोन म्हनालं?" पारा वर चढला. "नाव सांग!" मग मिलभर चौकशी लागली, हमाल रांगेत उभे राहिले, आणि शेवटी गेटवरचं कुत्रं बडतर्फ झालं.

सिद्धरामची बायको तुळजा भाकरी थापता थापता हसून डोळे पुसायला लागली. सिद्धरामनं चारदा-पाचदा खेळून पाहिलं. प्रत्येक वाट काट्यावर परत येत होती.

"जिंकायचं कुटं हाय ह्यात?"

"न्हाई," धना म्हणाली. "मला तरी कुटं ठाव हाय, अक्का सुट्टी कशी देतेत? तुमी एकदा जिंकून या, मंग मी तसा शेवट घालते."

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन लॉऱ्यांच्या मधल्या वेळात, सिद्धराम अंगण ओलांडून गेला. दार उघडं होतं. अक्का तळहातावर तुरीचे दाणे घेऊन एकेक बोटानं सरकवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येनु?"

'काय?' आणि तेही कन्नडमध्ये. सुरुवातच कन्नडमध्ये. सिद्धरामच्या डोळ्यांपुढं तांबडी पट्टी आली. तिन्ही उत्तरं एकदमच आठवली आणि तिन्हींचा शेवटही. तो उभाच राहिला. बाहेर चाळणी खडखडत होती. भिंतीवर अक्कांचे वारलेले मालक, रेवणसिद्धप्पा, फोटोतून त्याच्याकडं दयेनं बघत होते.

"अक्का," तो म्हणाला, "येळवस आली."

"आली की."

"व्हय."

"मंग?"

इथं जे घडलं ते सिद्धरामनं केलं नाही, ते त्याच्या तोंडानं केलं. या भागात येळवशीचं नाव काढलं आणि समोरच्याला आपल्या शेतात बोलावलं नाही, तर ते भरल्या ताटावरून उठवण्यासारखं असतं. लहानपणापासून जिभेला लागलेलं वळण आहे ते. एक वाक्य सुटलं की दुसरं आपोआप येतं. तसंच ते आलं.

"मंग… आमच्या शेताला या की, अक्का. जेवायला."

दाणे सरकवणारं बोट थांबलं. अक्कांनी चष्मा काढला. सिद्धरामनं त्यांना बिनचष्म्याचं कधी पाहिलं नव्हतं. डोळे लहान होते, आणि थकलेले.

"कुटं हाय शेत?"

"दुबलगुंडीला. वढ्याच्या अंगाला."

"तुमच्यात भज्जीत चाकवत घालतेत का?"

"घालतेत."

"येते," अक्का म्हणाल्या आणि चष्मा परत लावला. "जा. लॉरी हुबी ऱ्हायलीय."

तो काट्यावर आला, लॉरीचं वजन सांगितलं, ती गेली, दुसरी आली, तिचंही सांगितलं. तिसरीच्या वेळी त्याचा हात माईकवरच राहिला. आपण काय करून आलो ते त्याला तेव्हा कळलं.

संध्याकाळी तुळजानं सगळं ऐकून घेतलं आणि तवा चुलीवरून उतरवला. हे काम भाकरी करता करता होणारं नव्हतं.

"म्हंजे अक्का येनार आपल्या शेताला."

"व्हय."

"आन तुमी?"

"मी काट्यावर. पाळी हाय माजी."

"म्हंजे मालकीन नवकराच्या शेतात, आन नवकर मालकिनीच्या मिलमदी?"

"तसंच दिसतंय."

"सुट्टी मागितलाव का न्हाई?"

"न्हाई."

"मग एवढा येळ आत काय करत हुतात?"

"आवतन देत हुतो."

धना भिंतीला पाठ लावून खाली बसली, हसून हसून तिला उभं राहवेना. "पप्पा, तीन उत्तरं लिवायला मला आठवडा लागला. हे चौथं माझ्या सपनातबी आलं नसतं!"

तेवढ्यात ओसरीवरून एक वेगळाच आवाज आला. भात्यातून तुटक हवा जावी तसा. सगळे घाबरून धावले. अप्पा उशीवर मान टाकून हसत होते. अर्धंच तोंड हसत होतं, पण हसत होतं. लकवा गेल्यापासून त्या घरानं तो आवाज ऐकला नव्हता. सिद्धराम बाजेच्या कडेला टेकला. आपल्या फजितीनं घरात एवढं काही आणलं, म्हणून त्याला त्या फजितीचा राग येईना.

पण प्रश्न होता तिथंच होता. अप्पांना शेतात न्यायचं तर तो हवा. आणि आता आत जाऊन सांगायचं काय, की तुम्ही या, पण मी नाही?

दुसऱ्या दिवशी तो केबिनबाहेरच्या कडुलिंबाखाली उभा राहिला. धीर यावा म्हणून मोबाईल काढून खेळ उघडला, तसाच सदऱ्याच्या खिशात टाकला आणि आत शिरला.

"अक्का, कालचं ते…"

"कालचं काय?"

"तुमी या. नक्की या. पन… मी न्हसतो."

अक्कांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुनाच्या शेतात यायलेय मी?"

"माझ्याच."

"तू न्हाईस, आन मला बोलावलास?"

"व्हय. म्हंजे, बोलावलो तवा ध्येनात न्हवतं."

"काय ध्येनात न्हवतं?"

सिद्धरामनं घाम पुसायला हात वर नेला. कोपर खिशावर दाबलं गेलं. आणि त्याच्या छातीतून, खुद्द अक्कांच्या आवाजात, शब्द आले:

"कामून उभा हायस? पाय दुखंनात व्हय तुझे?"

केबिनमध्ये असली शांतता त्यानं पूर्वी एकदाच अनुभवली होती, काट्याच्या पत्र्यावर.

"कोन बोललं?" अक्का म्हणाल्या.

"तुमीच, अक्का," सिद्धराम म्हणाला. खोटं बोलायचीही ताकद राहिली नव्हती.

अक्कांनी हात पुढं केला. त्यानं मोबाईल त्या हातावर ठेवला, झडतीत चोरीचा माल सापडल्यासारखा. अक्का पडद्याकडं बघत राहिल्या. केबिन बघितली, टेबल बघितलं, टेबलामागची बाई बघितली.

"हे काय हाय?"

"खेळ हाय. ह्या मानसाला सुट्टी मागायची हाय. खाली तीन उत्तरं हायेत. एकावर बोट ठेवायचं."

अक्कांनी बोट ठेवलं. बोलायचं हुतं, बोललास. जा आता. त्यांनी भुवई उंचावली आणि परत सुरुवातीला गेल्या. खोकल्या. गोदामात पाठवल्या गेल्या. तिसऱ्या वेळी बराच विचार करून सभ्य उत्तर निवडलं आणि कुत्रं बडतर्फ होईपर्यंत सगळी चौकशी तोंडावरची माशीही न हलवता बघितली. मग चौथ्यांदा पहिल्यापासून सुरू केलं. बाहेर लॉरीवाला हॉर्न वाजवत होता. सिद्धराम जाऊ की नको करत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा होता.

शेवटी अक्कांनी मोबाईल खाली ठेवला. "ही बाई कुनाचं ऐकूनच घीत न्हाई," त्या म्हणाल्या.

सिद्धरामनं भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं. होकार देणंही धोक्याचं आणि नकार देणंही.

"कुनी केलंय?"

"पोरीनं. शिकायलीय. तिची चूक न्हाई अक्का, घरात मीच बडबडत असतो…"

"विभूती डावीकडं जरा जास्त झालीय. सांग तिला." मग त्या खुर्चीत मागं टेकल्या. "कशाला पायजे सुट्टी?"

आणि सिद्धरामनं सांगितलं. आता काही वाचवायचं उरलंच नव्हतं, म्हणून सरळ सांगितलं. अप्पांचा लकवा, गेल्या वर्षीचा दवाखाना, सदरा धरून मागितलेलं मागणं, आणि दुसऱ्या कुणाच्या पाठीवर न जाणारा म्हातारा. सांगताना त्याचा आवाज विरघळला नाही. माईकवर आकडा सांगावा तसा निघाला, सरळ.

अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. तिथं बघण्यासारखं काही नव्हतं, तुसाचा ढीग आणि त्याच्यावर चिमण्या.

"ही मिल हाय न्हवं," त्या म्हणाल्या, "हे आमचं शेत हुतं. ही खुर्ची हाय तितंच कुटंतरी आमचे पांडव असायचे. मालकांनी मिल बांदली, शेत गेलं. ते हुते तवर पावन्यांच्या शेताला जायचो. ते गेल्यावर मला येळवशीला कुनी बोलवत न्हाई."

"असं कसं अक्का? तुमाला तर…"

"समद्यांला असंच वाटतंय. हिला धा ठिकानचं बोलावनं असंल, आपल्यात कशाला येती ही. म्हनून एकबी येत न्हाई. आन आपनहून जावं तर नवकरमानसं जेवता जेवता उटून हुबी ऱ्हातेत." त्यांनी टेबलावरचे दाणे गोळा करून मुठीत घेतले. "काट्यावर मानूस ठेवला की मला इतं बसायला कारन हुतं. न्हाईतर त्या दिवशी घरात एकटीनं काय करू? लॉऱ्या काय, एक दिवस ढाब्यावर थांबतेत. मरत न्हाईत."

सिद्धरामला वर्षावर्षाच्या येळवशी दिसल्या. ओस पडलेली वसाहत, काट्यावर चडफडत बसलेला एकेक माणूस, आणि या बंद दाराआड दुसरं कुणी. या बाईच्या हावरेपणावर आपण सगळे किती बोललो, हे आठवून त्याला आपल्या जिभेची लाज वाटली. आणि त्याच जिभेनं काल न विचारता केलेल्या कामाबद्दल तिचे उपकारही वाटले.

"गेटला कुलूप लाव त्या दिवशी," अक्का म्हणाल्या. "तुझ्या वडलांला जीपमदी बसवू. आन आता जा, तो हॉर्न मोडंल."

येळवशीला थंडी होती आणि ऊन स्वच्छ होतं. जीप दुबलगुंडीत आली तेव्हा गाव रिकामंच झालेलं होतं. सिद्धरामनं अप्पांना उचलून पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि त्यांना धरून आपणही बसला. अक्का स्वतः मागं, आंबिलीच्या मडक्याशेजारी, धनाच्या बाजूला बसल्या. धना अंग चोरून खिडकीला चिकटली होती.

"तू व्हय गं ती?" अक्कांनी विचारलं.

"व्हय, अक्का."

"आवाज माझा बरा काडलीस. पन मी 'जा आता' एवढं म्हनत न्हाई."

धनानं पुढं बसलेल्या बापाकडं पाहिलं. बापानं रस्त्याकडं पाहिलं.

वाट संपली तिथून पुढं ढेकळांचं रान होतं. सिद्धराम पाठमोरा वाकला आणि अप्पा त्याच्या पाठीवर आले. दोन्ही बाजूंना ज्वारी छातीएवढी उभी होती. मानेवर बापाचा श्वास लागत होता, उष्ण, तुटक. चालता चालता सिद्धरामला जाणवलं, की हे वजन कमी झालंय. गेल्या वर्षीपेक्षा पुष्कळ कमी. जन्म काट्यावर गेलेल्या माणसाला ते न कळून कसं चालेल. पण हा आकडा त्यानं कुणालाच सांगितला नाही.

कोपीपुढं पोतं टाकून त्यानं अप्पांना बसवलं. आत पाच पांडव पांढरेशुभ्र मांडलेले होते. अप्पा त्यांच्याकडं बघत राहिले, फार दिवसांनी भेटलेल्या भावकीकडं बघावं तसे. मग त्यांनी डावा हात पुढं केला. सिद्धरामनं त्या तळहातात आंबील घातली, बापाला परत पाठीवर घेतलं आणि पिकाच्या कडेनं चालू लागला. म्हातारा थरथरत्या हातानं शिंपडत होता. निम्मी आंबील ज्वारीवर पडत होती आणि निम्मी सिद्धरामच्या डोक्यावर. थंडगार धार कानामागून मानेत उतरत होती, आणि त्याला वाटत होतं, पडू दे. ज्वारी त्याचंच पीक, आणि आपणही त्याचंच.

जेवताना तुळजानं अक्कांना वेगळं ताट मांडलं, पाट मांडला. अक्कांनी पाट बाजूला सारला आणि सगळ्यांच्या ओळीत मातीवर बसल्या. पहिला घास घेताना कुणी उठून उभं राहिलं नाही. उंडा भज्जीत कुस्करून त्या चवीनं जेवल्या. मग म्हणाल्या, "सिद्धराम, त्या दिवशी माईकवर माझं वजन सांगितलास ते ध्येनात हाय का?"

सिद्धरामच्या हातातला घास तसाच राहिला. आलं. छताला टांगलेलं पोतं एकदाचं खाली आलं.

"अक्का, ते… मला ठाव न्हवतं…"

"मालक तवा आजारी हुते. अंथरुनावर. महिन्या-महिन्यात हसत नव्हते. त्या दिवशी घरी जाऊन त्यांला सांगितले, असा असा एक नवा काटेवाला आलाय, मला खाली उतरवून रिकाम्या गाडीचंबी वजन केला. लई हसले रे. डोळ्यांतून पानी येवस्तर हसले. मंग मला म्हनाले, त्या मानसाला काडू नगंस." त्यांनी आंबिलीचा पेला उचलला. "त्याच्यानंतर जास्त दिवस न्हाई राहिले."

ज्वारीत वारा शिरला आणि निघून गेला. सिद्धराम आपल्या ताटाकडं बघत होता. इतकी वर्षं ज्याला तो शिक्षा समजून भ्यायला होता, ती दुसऱ्या कुणाच्या घरातली आठवण होती, जपून ठेवलेली. त्याच आठवणीवर त्याचं घर चाललं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता.

अप्पा काहीतरी पुटपुटले. अक्का त्यांच्याकडं वळल्या. "काय म्हनायलेत?"

"तुमाला अजून भज्जी वाढ म्हनायलेत," सिद्धराम वाढायला उठत म्हणाला.

"वाढ की मंग. हुबा कामून हायस?"

आणि धनाला हसू आवरेना. ओळीतलं कुणीतरी तिच्या मागोमाग हसलं, मग अक्काही, तोंडाला पदर लावून.

ऊन कलल्यावर अक्का निघाल्या. बांधापर्यंत सिद्धराम सोबत गेला. जीपच्या दारावर हात ठेवून त्या थांबल्या. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं. त्या खोकल्या. मग म्हणाल्या, "सिद्धराम, जरा बोलायचं हुतं…" आणि पुढं काही सुचेना. शेताकडं बघितलं, चष्मा नीट केला. "समदं बरं हाय न्हवं?" त्या म्हणाल्या.

तिन्ही उत्तरं संपली होती. सिद्धरामला ती बाई आरपार दिसली, कारण केबिनच्या दारात तो स्वतः इतकी वर्षं तसाच उभा होता.

"बरं हाय, अक्का," तो म्हणाला. "थांबा जरा." तो पळत कोपीकडं गेला, उरलेल्या आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधून आणलं आणि त्यांच्या मांडीवर दिलं. "पुढच्या येळवशीला हे भरून परत द्यायला या."

अक्कांनी मडकं दोन्ही हातांनी धरलं. गाडी सुरू झाली. "उद्या टायमावर ये," त्या म्हणाल्या. मराठीत.

सिद्धराम परत फिरला. कोपीसमोर धना अप्पांच्या शेजारी मोबाईल घेऊन बसली होती, आणि अप्पा डाव्या हाताचं बोट पडद्यावर ठेवून वाट बघत होते, अक्का आता काय म्हणतात त्याची.